एका हुंकाराला किती हाका

मॉर्वेन आत्याचं त्या डब्यांबद्दलचं मत पहिल्याच दिवशी ठरलं होतं: कानामागून आल्या आणि तिखट झाल्या. टॅरंट डाउन्स या गुरांच्या अफाट रानात बावीस वर्षं बोअरचा फेरा तिने एकटीने मारला होता. अकरा बोअर, अकरा पत्र्याच्या टाक्या, आणि त्यांच्यावर जगणारी साडेचार हजार गुरं. दर दोन दिवसांनी जुनी पिकअप काढायची, पंपाच्या इंजिनात डिझेल ओतायचं, पट्टा ताणायचा, डोणीत पडून मेलेला कांगारू ओढून बाहेर टाकायचा, टाकीच्या पत्र्यावर खडूने तारीख आणि पाण्याची पातळी लिहायची आणि पुढच्या फाटकाकडे निघायचं. तिच्या खिशात रुमाल नसला तरी चालायचं, पण खडू असायचाच.

मग गेल्या थंडीत तिची भाची केरिस टाऊन्सव्हिलहून आली. विद्यापीठात ती बिनतारी यंत्रांचं शिकवायची, आणि शिकवता शिकवता तिने स्वतःच्या घरच्या रानासाठीच एक जाळं विणलं होतं. प्रत्येक टाकीपाशी एक डबी. डबी दर पंधरा मिनिटांनी पाणी मोजणार, शेजारच्या डबीला सांगणार, ती तिच्या शेजारणीला, असं करत निरोप घरच्या स्क्रीनवर. कुठल्या शेजारणीला सांगायचं हे डबीचं डबीने ठरवायचं, आणि ते कसं ठरवायचं ही केरिसची अक्कल. ऐकू आलेला प्रत्येक निरोप किती स्वच्छ आला, याला एकशे दहापैकी गुण. जिच्याकडे गुण जास्त, ती वाट चांगली. स्क्रीनवर हिरवा रंग.

केरिसचा मोठा भाऊ डूगल हे रान, इथल्या भाषेत स्टेशन, चालवायचा. गुरं, कुंपणं, माणसं, सगळं त्याच्या डोक्यावर. त्याला वाटलं, बरं झालं, अडुसष्ट वर्षांच्या म्हातारीला उन्हातान्हात हिंडवायला नको. बोअरचा फेरा बंद झाला. आत्याच्या गाडीतला उपग्रहाचा फोनही बंद केला. "आता डब्या बोलतायत, मग फोन कशाला?" असं केरिसच म्हणाली होती. पुढे हे वाक्य तिला फार छळणार होतं, पण तेव्हा ते किती शहाणपणाचं वाटलं होतं.

जानेवारीत, इथल्या ऐन उन्हाळ्यात, केरिस सुट्टीला घरी आली. सोमवारी जेवताना वाद झाला. बाहेर अंधार पडला तरी पारा चाळिसाखाली यायला तयार नव्हता आणि टेबलावर खारवलेलं गोमांस, बटाटे आणि कोणालाच नको असलेला गरम चहा होता.

"नऊ नंबर खोटं बोलतेय," आत्या म्हणाली.

"ही बघ, आत्या." केरिसने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "एक्क्याऐंशी टक्के पाणी. आणि वाटेचे गुण एकशे सात. अख्ख्या जाळ्यात नऊ नंबर पहिली आहे."

"स्क्रीनला तहान लागत नाही, पोरी."

डूगल हसला. "आत्या, तुला त्या डब्यांचा मत्सर वाटतो."

"वाटतो तर. बावीस वर्षं बोअरवर गेले, मला कुणी एकशे सात गुण दिले नाहीत." तिने काटा खाली ठेवला. "घराजवळच्या टाकीवर गुलाबी काकाकुवे दुप्पट झालेत. चार दिवस बघतेय. पश्चिमेकडून येतात. पश्चिमेला त्यांचं पाणी कुठलं? नऊ नंबर. घरचं पाणी सोडून पाखरू उगाच दुसऱ्याच्या दारात जात नाही."

"काकाकुव्यांवर संशोधन करायचं असेल तर वेगळं अनुदान मागावं लागेल मला," केरिस म्हणाली. डूगल पुन्हा हसला. आता थांबायला हवं होतं, पण शहाणपण आलं की माणसाला थांबता येत नाही. "तुझं काम संपलंय, आत्या. आता आराम कर. उगाच प्रत्येक पाखरामागे धावू नकोस."

आत्याने ताट बाजूला सारलं.

"बरं," ती म्हणाली. "उद्या शहरात इल्साकडे जाते. डोळे तपासून घेते. या घरात त्यांची किंमत कळली."

मंगळवारी पहाटे तिच्या पिकअपचा आवाज दोघांनीही अंथरुणातून ऐकला. कोणी उठलं नाही. राग शहराकडे निघालाय, दोन दिवसांत निवळून परत येईल, असं दोघांनी आपापल्या उशीवर ठरवलं.

बुधवारी नाश्त्याला केरिसने स्क्रीन उघडली आणि तिला इतका आनंद झाला की तिने डूगलला हाक मारली.

"नऊ नंबर शंभर टक्के! काकाकुव्यांना कळवून टाक."

डूगल तोंडात टोस्ट धरून आला. "शंभर कशी होईल? बाबांनी त्या टाकीला वरून हातभर खाली भोक पाडलंय, जादा पाणी जायला. ब्याण्णवच्या वर ती भरूच शकत नाही."

"उन्हाने मोजमाप थोडं सरकतं. दुरुस्त करीन."

"गुण?"

"एकशे आठ."

"मग ठीक आहे," डूगल म्हणाला आणि गुरं वेगळी करायला पूर्वेच्या कुंपणाकडे गेला. त्या दिवशी तो पश्चिमेकडे जायचा होता. एकशे आठ गुण पाहून गेला नाही.

साडेअकराला केरिसला राहवेना. तिने आत्याच्या शहरातल्या मैत्रिणीला, इल्साला फोन लावला.

"इल्सामावशी, आत्या उठलीय का? मला तिची माफी मागायचीय."

"मॉर्वेन?" इल्सा म्हणाली. "ती इथे कशाला असेल? गेल्या महिन्यानंतर मला तिचा फोनसुद्धा नाही. काय केलंत तुम्ही तिला?"

केरिसने फोन ठेवला. टेबलावर स्क्रीन तशीच उघडी होती. नऊ नंबर, शंभर टक्के, हिरवा.

टाकीचं पाणी केरिसची डबी पाण्यात बुडून मोजत नव्हती. या टाक्यांना जुनी सोय होती: आत पोकळ डबा पाण्यावर तरंगतो, त्याला बांधलेली तार कप्पीवरून बाहेर येते आणि टाकीच्या अंगावर एक लोखंडी ठोकळा लटकतो. पाणी चढलं की ठोकळा खाली येतो, उतरलं की वर जातो. लांबून, गाडीत बसूनही दिसावं म्हणून केलेली युक्ती. केरिसने तिची डबी फक्त ठोकळा कुठे आहे हे बघायला लावली होती. ठोकळा पार तळाशी म्हणजे शंभर टक्के. आणि ब्याण्णवला भोक असलेल्या टाकीत पाणी काहीही केलं तरी ठोकळ्याला तळाशी आणू शकत नाही. कोणीतरी हाताने खाली ओढून धरला तरच तो तिथे येतो.

तिथे आत्या होती. बाहेर सेहेचाळीस होतं.

तिने रेडिओवर डूगलला बोलावलं आणि तो येईपर्यंत निरोपांची कच्ची वही उघडली, जी ती कधी उघडत नसे, कारण तिचं सार स्क्रीनवर असायचंच. प्रत्येक निरोपावर डबी अनुक्रमांक टाकते. नऊ नंबरचा आज पहाटेचा निरोप: चार हजार चारशे एकसष्ट. त्याच्या आधीचा? चार हजार तीनशे पासष्ट. काल पहाटेचा. त्याच्या आधीचा परवा पहाटेचा. दिवसाला शहाण्णव निरोप निघत होते आणि एक पोचत होता, सूर्य उगवायच्या आधी, हवा थंड आणि जड असताना. बाकीचे पंच्याण्णव उन्हात कुठेतरी विरून जात होते.

आणि तो एक मात्र काचेसारखा स्वच्छ येत होता. एकशे सात, एकशे आठ. केरिसच्या हिशेबाने आलेल्यांचेच गुण मोजले. न आलेल्याला गुण कसे देणार? तो आलाच नाही. वर्गात जे हजर होते त्यांचीच परीक्षा घेतली आणि अख्ख्या गावाला पास केलं. नऊ नंबरजवळ सातची डबी होती, सहाची होती. त्यांचे गुण सत्तर, ऐंशी, कारण त्यांना बरेवाईट सगळे निरोप ऐकू यायचे, घोगरेसुद्धा. डबीने त्या दोघी घोगऱ्या पण रोज बोलणाऱ्या शेजारणी सोडल्या आणि चोवीस किलोमीटरवरच्या टेकडीवरच्या मनोऱ्याशी थेट सोयरीक केली, जो दिवसातून एकदाच ऐकायचा पण फार छान ऐकायचा. केरिसने तिला तसंच शिकवलं होतं. आणि निरोप आला नाही तर स्क्रीनवर जुना आकडा तसाच राहू दे, उगाच लाल दिवे नकोत, हेही केरिसचंच.

तिची नजर स्वयंपाकघरातल्या पाटीवर गेली. आता त्या पाटीवर किराणा लिहीत: पीठ, अंडी, बॅटऱ्या. आईच्या काळी तिथे रेघा असत. बाबा किंवा आत्या रानात गेले की प्रत्येक फाटकाला रेडिओवरून हाक मारायची, हा नियम. आई ऐकलेल्या हाकेची नोंद कधी ठेवत नसे. चुकलेल्या हाकेची रेघ ओढायची. एक रेघ, दुसरी रेघ. तिसरी ओढली की गाडी पाठवायची, मग पलीकडचं माणूस सावलीत झोपलेलं का असेना. लहानपणी केरिसने विचारलं होतं, "तू बोललेलं का लिहीत नाहीस?" आई म्हणाली होती, "बोलतंय ते जिवंत आहे, त्याचं काय लिहायचं?"

एवढं सोपं होतं. एकदा ऐकू येण्यासाठी किती वेळा हाक मारावी लागते, तेवढंच मोजायचं होतं. हाक जायला हवी, आणि पोचल्याचं उत्तरही परत यायला हवं. एका उत्तराला दोन हाका लागत असतील तर वाट बरी. दहा लागत असतील तर वाकडी. शहाण्णव लागत असतील तर ती वाटच नाही, भिंत आहे. केरिस हे मुलांना फळ्यावर लिहून शिकवायची. स्वतःच्या घरी तिने दुसरा, जरा सोपा हिशेब लावला होता, कारण इथे काय, आपलंच रान, आपल्याच टाक्या.

डूगलची गाडी अंगणात थांबली. केरिसने त्याला दारातच सांगितलं. त्याने टोपी काढली नाही, सरळ फ्रिजमधलं पाणी गाडीत टाकायला लागला. केरिसने डॉक्टरांच्या विमानाच्या तळावर फोन केला. तिकडची बाई शांतपणे म्हणाली, विमान तयार ठेवते, पण माणूस कुठे आहे आणि काय झालंय ते आधी कळवा. अंदाजावर उतरवता येत नाही.

नऊ नंबर अठ्ठावन्न किलोमीटर. अर्धा रस्ता बरा, मग दगड. मध्ये खडकाचा लांबलचक कडा आडवा येतो आणि त्याच्या पलीकडे गाडीतला रेडिओ मुका होतो.

"तू म्हणालीस ठीक आहे," डूगल शेवटी म्हणाला.

"मी म्हणाले गुण एकशे आठ. ठीक आहे तू म्हणालास."

"मला काय कळतं त्यातलं? मी तुझ्या तोंडाकडे बघतो."

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "मीच हसलो. सोमवारी. दोनदा." आणि त्याने गाडी आणखी दामटली, दगडांवरून, टायरांची पर्वा न करता.

"ती जिवंत आहे," केरिस म्हणाली. "पहाटे पाच चाळीसला ठोकळा खाली होता. म्हणजे पाच चाळीसला ती होती."

"आता किती वाजले?"

"दोन."

डूगलने गिअर बदलला.

कडा ओलांडल्यावर आधी वास आला. मग कुंपणाच्या कडेला पडलेल्या गायी दिसल्या. नऊ, दहा, अकरा. पण पुढे टाकीपाशी धुळीचा लोट नव्हता, वेड्यासारखी धावणारी गुरं नव्हती. गायी डोणीवर शांतपणे पाणी पीत होत्या. इंजिन चालू होतं. त्याच्यावर नवा पट्टा होता, आत्या ज्या पद्धतीने चढवायची तसा, आतल्या बाजूने खडूची खूण केलेला. तीनशे चाळीस गायींतल्या अकरा गेल्या होत्या. बाकीच्या तिने वाचवल्या होत्या.

आत्या टाकीच्या बुडाशी होती. शिडीची एक पायरी तुटून लोंबत होती. पट्टा बदलून झाल्यावर, कप्पीत अडकून ठोकळा एक्क्याऐंशीवरच धरून बसलेली तार सोडवायला आणि टाकीत पाणी खरंच पडतंय का ते बघायला ती वर चढली असणार. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची तिला सवय नव्हती. तिचा डावा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला वळला होता आणि मांडी काळी, टम्म फुगली होती. पिकअप चाळीस पावलांवर उभी होती. पाण्याचा कॅन, सावलीचं कापड, सगळं तिच्यात. मातीत फरपटीची खूण होती. ती गाडीकडे नाही, ठोकळ्याकडे आली होती. उजव्या हाताच्या मुठीत तार होती आणि तळवा चिरलेला होता.

आणि पत्र्यावर रेघा होत्या. तारखांच्या खाली, बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत, खडूच्या रेघा. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.

"आत्या," केरिस म्हणाली.

"आलात," आत्या म्हणाली. आवाज वाळलेल्या पाचोळ्यासारखा होता. "गुरं?"

"पितायत. सगळी पितायत."

डूगल गुडघ्यावर बसला होता. त्याने तिचं मनगट धरलं, मांडीकडे बघितलं आणि केरिसकडे बघितलं. तिला हलवायचं नाही, हे दोघांनाही कळलं. दगडांच्या त्या रस्त्यावरून ती दहा मिनिटं टिकली नसती.

"मी कड्यावर जाऊन विमान बोलावतो," तो म्हणाला. "जायला वीस मिनिटं. पुढच्या मातीच्या मैदानात उतरेल ते. केर, तिला बोलतं ठेव. काही झालं तरी बोलतं ठेव." गाडी गेली. धूळ बराच वेळ हवेत राहिली.

केरिसने पिकअपमधलं कापड आणून वर बांधलं. ओलं फडकं आत्याच्या कपाळावर ठेवलं, ओठांवर थेंब थेंब पाणी सोडलं. डबीवरचा हिरवा दिवा टाकीच्या अंगावर लुकलुकला.

"तो दिवा," आत्या म्हणाली. "तो लागला की ओढायचं. मग रेघ. तूच म्हणाली होतीस, दिवा लागला म्हणजे बोलली."

"हो."

"रात्री दोन-तीन चुकले. डोळा लागला. बाकी एकही सोडला नाही." तिने डोळे उघडून पत्र्याकडे बघायचा प्रयत्न केला. "किती झाल्या?"

केरिसने मोजल्या. आडव्या रेघांवर बोट ठेवत मोजल्या. "एकशे चार."

"किती पोचल्या?"

तिला खोटं बोलता आलं असतं. सगळ्या, आत्या. सगळ्या पोचल्या, म्हणून तर आलो. पण नऊ नंबरवर पुरेसं खोटं बोलून झालं होतं.

"एक," केरिस म्हणाली.

इंजिन धडधडत होतं. एक गाय डोणीतून तोंड वर काढून त्यांच्याकडे बघत उभी होती.

"कुठली?"

"आज पहाटेची."

"आणि ती ऐकून काय समजलीस?"

"टाकी भरली," केरिस म्हणाली. "मला आनंद झाला, आत्या. मी डूगलला हाक मारून सांगितलं."

आत्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. ते हसू होतं की वेदना, ते केरिसला कधीच कळलं नाही. "उंटावरची शहाणी," ती म्हणाली. "माझ्या खिशात खडू आहे. शेवटचा तुकडा. तो घे."

केरिसने घेतला. बोटाच्या पेराएवढा होता.

"आत्या, झोपू नकोस. विमान येतंय."

"हं."

"आत्या, पुढच्या आठवड्यापासून फेरा परत सुरू. मी येते बरोबर. तू गाडीत बस, मी डिझेल ओतते."

"तुला... पट्टा चढवता येत नाही."

"शिकव मग. आत्या?"

"हं."

मग एका हाकेला उत्तर आलं नाही. केरिसने पुन्हा हाक मारली. त्या हाकेला आलं. तिने नकळत पत्र्यावर चुकलेल्या हाकेची रेघ ओढली, आत्याच्या शेवटच्या रेघेच्या शेजारी. दोन हाकांना एक हुंकार. वाट बरी आहे, तिने स्वतःला सांगितलं. पुढच्या वेळी चार लागल्या. मग तीन, आणि तिला इतकं बरं वाटलं की ती रडायला लागली. मग सात. तिने सोमवारची माफी मागितली, मग बंद केलेल्या फोनची, मग काकाकुव्यांवरच्या विनोदाची. माफीला उत्तर नको होतं, फक्त आवाज हवा होता, घोगरा, तुटका, एकशे दहापैकी पाच गुणांचा का असेना. अकराव्या हाकेला आत्याची बोटं तिच्या बोटांत जराशी आवळली. तिने ते उत्तर धरलं. हिरवा दिवा पुन्हा लागला. घरी स्क्रीनसमोर कोणी नव्हतं.

त्यानंतर ती हाका मारत राहिली आणि रेघा ओढत राहिली. चार उभ्या, एक आडवी. खडू संपत आला तसा तिने नखात धरला.

डूगल आला तेव्हा लांबून विमानाची घरघर ऐकू येत होती. तो धावत आला आणि चार पावलांवर थांबला. आत्याचे डोळे अर्धे उघडे होते आणि पापणीवर एक माशी निवांत बसली होती. केरिस पत्र्याकडे तोंड करून बसली होती, हात चालूच होता.

"केर," तो म्हणाला. "बस आता."

"त्रेचाळीस झाल्या."

"केर."

त्याने तिच्या नखातून खडूचा कण काढून घेतला. तिने हाताला विरोध केला नाही, फक्त वर बघितलं, लहानपणी आईकडे बघायची तसं.

"आई तीन रेघा झाल्या की गाडी पाठवायची," ती म्हणाली. "आता कुठे पाठवू?"